आकडा सुटा सांगा

मला शिकवता येत नाही, हे मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सव्वीस वर्षं बेकरीत पीठ तिंबून माझे दंड पैलवानासारखे झालेत, पण शिकवायला उभं केलं की माझ्या तोंडून दोनच वाक्यं निघतात: ‘असं नाही’ आणि ‘व्हा बाजूला’. मालकांनी तरीही मलाच पुढे केलं. बेकरीच्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी एक वर्ग काढला होता, घरच्या घरी ब्रेड, तोही न मळता. मी म्हटलं, “मालक, न मळता ब्रेड म्हणजे न पोहता नदी ओलांडणं.” ते म्हणाले, “पुलावरून जातात की लोक.” अशा माणसाशी वाद कोण घालणार?

तरी मी नाहीच म्हणणार होते. पण त्याच आठवड्यात धाकटीला मी माझ्या घरी आणलं आणि कशालाही नाही म्हणायची माझी स्थिती राहिली नाही.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती पाचवीत होती. तिच्या वेण्या, तिचे डबे, तिची आजारपणं, सगळं मीच केलं. मोठी होऊन ती अँब्युलन्सच्या फोनवर कामाला लागली. लोक फोन करतात, रडतात, ओरडतात, आणि ही पलीकडून शांतपणे पत्ता घेते, गाडी पाठवते, गाडी पोचेपर्यंत काय करायचं ते एकेक करून सांगते. चौदा वर्षं तिनं हे काम केलं. नव्याने लागलेल्यांना तीच शिकवायची. तिचा पहिला धडा ठरलेला होता: आकडा सुटा घ्यायचा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. एकोणसाठ म्हणायचं नाही, पाच-नऊ म्हणायचं. कारण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी सगळे सारखेच ऐकू येतात.

आणि नेमकी तिचीच चूक झाली. एका बाईचा फोन आला, नवऱ्याच्या छातीत कळा येत होत्या. बाई हुंदके देत होती. तिनं घराचा नंबर एकोणसाठ सांगितला, धाकटीनं एकोणसत्तर ऐकला. परत विचारायला हवं होतं. पण ती बाई इतकी रडत होती की तिला पुन्हा विचारायला हिला कसंतरीच वाटलं. एवढंच झालं. गाडी एकोणसत्तरच्या दारात जाऊन उभी राहिली, तिथून माघारी फिरली, आणि त्यात नऊ मिनिटं गेली. माणूस गेला.

चौकशीत डॉक्टरांनी लिहून दिलं की गाडी नऊ मिनिटं आधी पोचली असती तरी तो वाचला नसता. धाकटीला कामावर परत बोलावलं. ती गेली नाही. आधी तिनं फोन उचलणं सोडलं, मग जेवणं सोडलं, आणि एक दिवस मी तिच्या घरी गेले तेव्हा अगदी साध्या आवाजात मला म्हणाली, “ताई, मला आता नको झालंय.” काय नको झालंय, हे विचारायची गरज पडली नाही.

डॉक्टरांकडे नेलं. त्या वयानं माझ्या अर्ध्या असतील, पण बोलणं खणखणीत. म्हणाल्या, औषध लागू पडायला तीन आठवडे जातील, तोवर हिला एकटी सोडायची नाही. दारांच्या आतल्या कड्या काढून टाका, औषधं तुमच्या ताब्यात ठेवा. मग मला बाजूला घेऊन त्यांनी आणखी एक सांगितलं.

“रोज उद्याचं काहीतरी शिल्लक ठेवा.”

“उद्याचं म्हणजे?”

“काहीही. उद्या जे तिच्यावाचून अडेल असं.”

मी घरी येईपर्यंत विचार करत होते की धाकटीवाचून उद्या काय अडणार आहे? माझं अडणार होतं. माझा श्वास अडणार होता. पण ते तिला सांगून काय उपयोग? ती म्हणाली असती, राहू दे.

हे ‘राहू दे’ तिचं एवढंच एक बोलणं उरलं होतं. चहा आणू? राहू दे. खिडकी उघडू? राहू दे. डोक्याला तेल लावून देऊ? राहू दे, ताई. आणि मालकांनी दिलेल्या न मळलेल्या ब्रेडच्या कागदावर बघते तर तिथेही तेच! चारशे ग्रॅम मैदा, तीनशे पाणी, दीड चमचा मीठ, पाव चमचा यीस्ट. चमच्यानं कालवा, झाका आणि अठरा तास राहू द्या. मळू नका, तिंबू नका, हात लावू नका. राहू द्या. मी तो कागद चुरगाळून फेकला. घरात एकीचं राहू दे कमी होतं का?

मग उचलून पुन्हा सरळ केला. कारण अठरा तास. आज संध्याकाळी चारला कालवलेलं पीठ उद्या सकाळी दहाला भाजायचं. उद्या दहाला कुणीतरी त्याच्याकडे बघायलाच हवं. डॉक्टरांना हवं होतं ते उद्याचं काहीतरी माझ्या हातात आयतं आलं होतं.

मी मालकांना कळवलं, वर्ग घेते, पण तीन आठवडे माझ्याच घरी. त्यांनी मान्य केलं. कड्या काढायला सुतार बोलावला. त्यानं न्हाणीघराची काढली, दोन्ही खोल्यांची काढली. औषधांचा डबा मी स्वयंपाकघराला जोडलेल्या पिठाच्या कोठीच्या खोलीत, मैद्याच्या मोठ्या पिंपात खोल पुरून ठेवला. आपण फार हुशारी केली असं मला वाटलं.

शिकायला तसे चार-पाचजण येऊन जात, पण नेमानं येणारे दोघंच. एक खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकू. चाळीस वर्षं शिलाई मशीनच्या खडखडाटात बसून त्यांना निम्मं ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं त्या आपल्या मनानं भरतात. दुसरे मीटरवाले भाऊ. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायची त्यांची नोकरी, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना आकड्यात हवी असते.

“पाणी अंदाजानं घाला,” मी म्हणायची.

“अंदाजानं म्हणजे किती?”

“पीठ सांगेल.”

“मला नाही सांगत,” मीटरवाले म्हणायचे. “मी विचारून बघितलं.”

स्वयंपाकघराला लागूनच धाकटीची खोली. दार सताड उघडं, कारण मला तिची पाठ दिसायला हवी होती. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी इकडे पीठ कालवत असले तरी माझा एक डोळा तिच्या पाठीवर, श्वासासरशी ती वर-खाली होते आहे ना याकडे. सकाळी दहाला मी तिला हाक मारायची, “धाकटे, पीठ फुगलं का बघ गं.” ती म्हणायची, “राहू दे.” तीन दिवस मीच बघितलं. ब्रेड चांगला होत होता, हे मला मान्य करायला जड गेलं तरी. पोपडा कुरकुरीत, आत जाळी पडलेली, आणि मी बोटही लावलं नव्हतं. मी त्यातला तुकडा तिच्या उशाशी ठेवायची आणि संध्याकाळी वाळलेला उचलायची. आणि रोज वाटायचं, आपल्याला हे जमत नाही, ही आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे, आणि आपण मैदा मोजत बसलोय.

चौथ्या दिवशी शिवणकाकूंनी विचारलं, “झाकून किती तास ठेवायचं म्हणालात?”

“अठरा.”

“अठ्ठावीस,” असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं.

“अठरा हो, काकू!”

“तेच लिहिलंय. अठ्ठावीस.”

माझं डोकं फिरलं. मी कागद ओढून घेणार, तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, घोगरा, पण स्वच्छ.

“एक-आठ म्हण. आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घे.”

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. बारा दिवसांत ‘राहू दे’ सोडून तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं बोलणं होतं. मी वळून बघितलं नाही. पक्षी खिडकीत येऊन बसला की माणूस जसा हलत नाही, तशी मी उभी राहिले.

“काकू, एक-आठ,” मी म्हटलं.

“एक-आठ,” काकू म्हणाल्या आणि खोडून अठरा लिहिलं.

त्या दिवशी मला किल्ली सापडली, आणि मी ती वाटेल तशी फिरवायला लागले. दुसऱ्या दिवशी मी मीटरवाल्यांना मुद्दाम सांगितलं, मीठ साडेतीन चमचे. आतून आवाज: “ताई, एक आणि अर्धा.” तिसऱ्या दिवशी मी ओव्हनची उष्णता एकशे तीस सांगितली. “दोन-तीन-शून्य.” मग मला चटकच लागली. यीस्ट चुकवलं, पाणी चुकवलं, बिडाचं भांडं किती वेळ तापवायचं ते चुकवलं. शिकायला आलेले लोक एकमेकांकडे बघायचे की या बाईला बेकरीत ठेवलं कुणी? माझी सव्वीस वर्षांची अब्रू मी रोज संध्याकाळी चार वाजता पिठात कालवत होते, आणि मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिचा आवाज येत होता. आधी पडल्या पडल्या, मग उठून बसून, मग एक दिवस ती खुर्ची ओढत उंबऱ्याशी आली.

तिचं शिकवणं बघून मला माझी लाजच वाटली. ती एका वेळी एकच गोष्ट सांगायची. “आता चमचा ठेवा. ठेवलात? आता वाटीच्या कडेचं पीठ खाली ओढा. झालं? आता झाका. आता त्याच्याकडे बघू नका.” शिवणकाकूंचा पहिला धड ब्रेड तिच्यामुळे झाला. मीटरवाले मला सरळ म्हणाले, “ताई, तुम्ही बसा. यांनाच सांगू दे.” मी खोटं खोटं तोंड वाकडं केलं. धाकटी हसली नाही, पण त्या दिवशी तिनं ब्रेडचा अर्धा तुकडा खाल्ला आणि सकाळी दहाला मी हाक मारायच्या आत झाकण उचलून बघितलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

पण मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. पिठाला काय आणि माणसाला काय, दाबत राहायचं हीच माझी सवय. आता ती आपण होऊन बोलत होती, तरी मी चुका करायच्या सोडल्या नाहीत. मला भीती होती की मी बरोबर सांगायला लागले तर ती परत भिंतीकडे वळेल.

मंगळवारी फक्त शिवणकाकूच आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना पहिल्यांदा एकट्यानं आपल्या घरी भाजायचं होतं, म्हणून त्या भाजण्याचं तेवढं विचारून घेत होत्या. मी म्हटलं, “झाकण ठेवून तीस मिनिटं, मग झाकण काढून पन्नास.” खरं म्हणजे पंधरा. मी आतून आवाज यायची वाट बघितली. आला नाही. वळून बघितलं तर धाकटीला डुलकी लागली होती. औषधानं दुपारी तिला गुंगी यायची. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला, ते पिठाच्या पोत्यांचं काहीतरी विचारत बसले. मी फोन ठेवला तेव्हा काकू निघून गेल्या होत्या. त्यांच्या कागदावर पन्नास लिहिलेलं होतं, आणि माझ्या डोक्यातून ते साफ गेलं.

बुधवारी गारठा होता, आमचं पीठ उशिरा फुगलं. एक वाजता मी ब्रेड ओव्हनमध्ये घातला. धाकटी टेबलाशी बसून मीटरवाल्यांसाठी सगळी कृती सुट्या आकड्यांत लिहीत होती. दाराची बेल वाजली. शिवणकाकू होत्या. केस विस्कटलेले, अंगाला जळकट वास, हातात तो कागद.

“सासूबाईंना दवाखान्यात ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “ऑक्सिजन लावलाय.”

त्या मशीनवर बसल्या होत्या. पन्नास मिनिटांनी घड्याळ बघून उठल्या, तोवर ब्रेडचा कोळसा होऊन स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई पलीकडच्याच खोलीत. त्यांना आधीच दम्याचा त्रास.

“आता बऱ्या आहेत,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पण ताई, मी तुम्ही सांगितलं तेच केलं. हे बघा. पन्नास. मी परत म्हणूनही दाखवलं होतं तुम्हाला.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. आपलंच काही चुकलं का, हे विचारायला त्या आल्या होत्या. मी हात जोडले, चूक माझीच आहे म्हटलं, संध्याकाळी दवाखान्यात येते म्हटलं. त्या गेल्या. मी दार लावून वळले तर धाकटी उभी होती.

“पन्नास तू सांगितलंस?”

“चुकून गं. फोन आला मध्येच...”

“ताई. तू सव्वीस वर्षं भट्टीवर आहेस. चुकून?”

मी खोटं बोलू शकले असते. पण तिच्यापुढे मला कधीच खोटं रेटता आलेलं नाही. “तू बोलावंस म्हणून,” मी म्हटलं. “मी चुकले की तू बोलतेस, म्हणून.”

“म्हणजे रोजचंच?”

मी मान डोलावली.

“चुकीचा आकडा,” ती हळू म्हणाली. “तू मुद्दाम देत होतीस. माझ्यासमोर. लोकांना.”

“मला दुसरं काही सुचलं नाही गं! तू मरायला निघाली होतीस, मी काय करायचं होतं?”

“आणि मी झोपले.”

“त्यात तुझा काय संबंध? चूक माझी आहे!”

“आकडा माझ्यासमोरून गेला की तो मी तपासायचा असतो,” ती म्हणाली. “मी झोपले. परत एक माणूस श्वासाला महाग झाला. परत माझ्यामुळेच.”

मी पुढे झाले. तिचे खांदे धरले आणि जोरानं हलवले, आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले: वेडी आहेस का, किती वेळा सांगायचं, सोड आता ते. ती माझ्या हातांतून निघाली, काही न बोलता पिठाच्या कोठीत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

कोठीची कडी काढायला मी सुताराला सांगितलंच नव्हतं. कोठीत कोण जाऊन बसतंय, असं मला वाटलं होतं. आणि कोठीत पिंप होतं आणि पिंपात डबा, रोज औषध द्यायला मी तिच्या देखत काढलेला. हे आठवलं तशी मी दाराकडे धावले.

“धाकटे, दार उघड.”

मी दार ओढून बघितलं, हललं नाही.

“उघड म्हणते ना!”

पिंपाचं पत्र्याचं झाकण खाली ठेवल्याचा आवाज आला. मी दारावर मुठी आपटल्या. धक्के मारले, पण ते दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, माझ्या धक्क्यानं ते आणखीच घट्ट बसत होतं. मी शिव्या दिल्या, गयावया केली, आईची शपथ घातली. मी म्हटलं, तू गेलीस तर मी कुणासाठी उठू सकाळी? मी म्हटलं, मला नाही जमत गं तुझ्याशिवाय, मला काहीच धड सांगता येत नाही, मला नुसतं तिंबता येतं. आतून हुं की चूं नाही. मागे ओव्हनमधून करपल्याचा वास यायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा ब्रेड जळू दिला आणि तिकडे बघितलंही नाही.

मी फोन उचलला आणि तो नंबर लावला. पलीकडे एक कोवळा आवाज होता, नवीनच लागलेली असावी.

“अँब्युलन्स सेवा. पत्ता सांगा.”

“माझ्या बहिणीनं दार लावून घेतलंय, औषधं आत आहेत, ती बोलत नाही, लवकर पाठवा...”

“बाई, पत्ता सांगा आधी. गल्ली?”

“पाण्याच्या टाकीमागची गल्ली.”

“घर नंबर?”

“एकोण...” मी डोळे पुसले. “एकोणऐं...” आणि पुढे नुसता हुंदका आला. मी परत म्हणायचा प्रयत्न केला, पण ओठ थरथरत होते, माझंच बोलणं मला कळत नव्हतं.

“बरं बरं, बाई, रडू नका,” ती मुलगी कळवळून म्हणाली. “मिळाला पत्ता. पाठवते मी गाडी. शांत व्हा.”

“हो, पाठवा, पाठवा,” मी म्हटलं.

कोठीचं दार आतून धाडकन वाजलं.

“तिनं परत विचारलं का?” धाकटी ओरडली. “ताई! तिनं नंबर परत विचारला का?”

“पाठवते म्हणाली...”

“फोन ठेवू देऊ नकोस तिला! सुटा सांग! सात-नऊ! ताई, सात-नऊ सांग आणि म्हणवून घे!”

“सात-नऊ!” मी फोनमध्ये किंचाळले. “सात आणि नऊ! परत म्हणा!”

मग त्या मुलीचा आवाज आला, एकदम बारीक झालेला. “सात-नऊ. मी... मी नुसतं ऐंशी ऐकून आठ-नऊ लिहिलं होतं.”

“आठ-नऊ लिहिलं होतं,” मी दाराकडे तोंड करून म्हटलं.

कडी निघाली. धाकटी बाहेर आली. कोपरापर्यंत मैद्यानं माखलेली, डोळे सुजलेले, हातात डबा. तो उघडा आहे की बंद, हे बघायची माझी छाती होईना. तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. इतक्या दिवसांत फोनला ती पहिल्यांदा हात लावत होती.

“ऐक,” ती त्या मुलीला म्हणाली. “घाबरू नकोस. आठ-नऊ खोड, सात-नऊ लिही आणि गाडीला आत्ता कळव. मी थांबते.” थोड्या वेळानं म्हणाली, “कळवलंस? आता पुढचं विचार.”

मी अगदी जवळ उभी होते, पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. ती मुलगी तिचे ठरलेले प्रश्न विचारू लागली. पेशंट कोण आहे?

धाकटीनं तोंड उघडलं आणि मिटलं. चौदा वर्षं तिनं हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता. मी तिचा हात दोन्ही हातांनी धरला. या वेळी नुसताच धरला.

“मी,” ती म्हणाली.

त्या मुलीनं ते लिहून घेतलं. मग, “तुम्ही काही घेतलंय का?”

“नाही. डबा ताईकडे देतेय.” तो तिनं माझ्या हातात दिला. सगळ्या गोळ्या आतल्या आत होत्या.

“गाडी निघाली आहे. सहा मिनिटं लागतील. तोवर मी फोनवरच आहे, तुम्ही ठेवू नका.”

“नाही ठेवत,” धाकटी म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. “पण लवकर या. मला भीती वाटतेय.”